आधी खोली, मग अर्थिंग, मग यंत्रं: नागपुरात संगणक-संगीताचा स्टुडिओ उभारताना

विद्यापीठात प्रायोगिक संगणक-संगीताचा स्टुडिओ काढायचं ठरलं की पहिली बैठक हमखास खरेदीच्या यादीवर येऊन थांबते. कुठला सिंथेसायझर, किती चॅनेलचा इंटरफेस (संगणकाला माइक आणि स्पीकर जोडणारी पेटी), स्पीकर कोणत्या कंपनीचे. हे आधी कळस मग पाया असं आहे. नागपुरात तर जास्तच, कारण इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, काळी माती भेगाळते, पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, आणि या तिन्ही गोष्टी थेट स्पीकरमधून ऐकू येतात. पैसे खर्च करण्याचा क्रम आमच्या मते असा: शांतता, वीज, खोलीचा घुमारा, स्पीकर, आणि उरलं तर बाकी सगळं. संगणक तर विभागात पडलेला कुठलाही चालतो. १९५७ मध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या संगणकाकडून सूर काढून घेतले. त्या यंत्राच्या मानाने आजचा जुना लॅपटॉपसुद्धा राजा आहे.

खोली तळमजल्यावरची, उत्तरेकडची घ्या. वरच्या मजल्यावरची मोठी, रिकामी खोली कोणी देऊ केली तरी घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, एसी पूर्ण जोरात चालवावा लागतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये एसीच भरतो. लिफ्ट, जनरेटर, पाण्याची मोटर, स्वच्छतागृह आणि सायकल स्टँड यांपासून खोली दूर हवी. खोली पाहायला रविवारी जाऊ नये. वर्ग भरलेले असताना, तास सुटतो त्या वेळी जाऊन दहा मिनिटं गप्प बसावं. एसी मंद चालू असताना खोलीतला आवाज ३० डीबीएच्या (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेल्या डेसिबलच्या) आत आला पाहिजे. मोबाइलमधल्या ॲपवर इथे भरवसा ठेवू नये, फोनच्या माइकचा स्वतःचाच आवाज या पातळीच्या आसपास असतो. विभागात ध्वनिमापक असेल तर तो वापरावा.

कूलर स्टुडिओत चालत नाही. एक तर त्याचा आवाज, दुसरं म्हणजे कूलरला खिडकी उघडी लागते, आणि तिसरं, तो दिवसभर ओली हवा आत ढकलतो. त्या ओलाव्यावर आवाज शोषणाऱ्या पॅनेलच्या कापडाला बुरशी धरते, माइकच्या कॅप्सूलमध्ये चरचर सुरू होते. त्याऐवजी एका मोठ्या एसीच्या जागी दोन लहान इन्व्हर्टर एसी लावा म्हणजे दोन्ही कमी वेगात चालतील. बाहेरचा कॉम्प्रेसर स्टुडिओच्याच भिंतीवर ब्रॅकेट ठोकून टांगू नका. भिंत सगळी थरथर आत आणते. तो जमिनीवर रबराच्या जाड पट्ट्यांवर बसवा. सकाळी आठपासून खोली थंड करून ठेवायची आणि टेक घेताना दोन्ही एसी बंद करायचे, एवढी शिस्त लागली की पुरे.

तापमानाचा संबंध फक्त आरामाशी नाही. २५ अंशांना हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, ४५ अंशांना तो ३५८ च्या जवळ जातो. बासरीसारख्या वाद्याच्या नळीतली हवा जितकी तापेल तितका सूर चढतो, अंशाला जवळपास ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). २५ वरून ४० अंशांवर गेलं तर हिशेबाने ४० सेंटहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. फुंकीची हवा आधीच गरम असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी दिसतो, पण दिसतो. तारा मात्र उलट उतरतात. म्हणून नवतपात टिपलेली बासरी आणि डिसेंबरात टिपलेला तानपुरा एका रचनेत जोडताना सूर का बसत नाही याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नये. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नोंदीत खोलीचं तापमान लिहावं. साधा भिंतीवरचा थर्मामीटर त्यासाठी पुरतो.

आता घुमारा. ७.२ मीटर लांब, ५.४ मीटर रुंद, ३.३ मीटर उंच अशी नेहमीची वर्गखोली धरू. तिचं घनफळ १२८ घनमीटर आणि सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ साधारण १६१ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग गिळतात. सॅबिनच्या सूत्रात, म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण, हे आकडे घातले तर रिकाम्या खोलीचा घुमारा ४ सेकंदांच्या वर जातो. टाळी वाजवली की कळतंच. स्टुडिओसाठी तो ०.४ सेकंदाच्या आसपास आणायचा, त्यासाठी ५२ चौरस मीटर इतकं शोषण लागतं. भिंती आणि आठ माणसं मिळून त्यातले सात-आठ देतात, राहिलेलं पॅनेलनी भरून काढायचं. १.२ बाय ०.६ मीटरचं एक पॅनेल ०.७२ चौरस मीटरचं. पॅनेल ९० टक्के शोषतं असं धरलं तर ६५ ते ७० नग लागतात. आकडा ऐकून सगळे दचकतात, आणि मग अर्ध्यावर थांबून खोली ‘थोडी घुमते’ म्हणून वर्षानुवर्षं कुरकुर चालते. निम्मी पॅनेल छताला लावा, छत नाहीतरी रिकामंच असतं. पंखा काढून टाका.

पॅनेल विकत घेण्यापेक्षा बनवणं कितीतरी स्वस्त पडतं. घनमीटरला ४८ किलो घनतेचं, ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल, त्यावर पातळ नॉन-वोव्हन कापड, त्यावर सुती कापड. कापड इतवारीत ठोक भावात मिळतं. निवडताना एकच परीक्षा: कापड तोंडाशी धरून फुंकायचं, पलीकडे धरलेल्या हाताला हवा लागली तर ते चालेल. हवा अडली तर आवाजही अडून परत येईल. कापड आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पॅनेलचं पोट सुटतं. चौकट लाकडी केलीत तर वाळवीचं औषध मारलेलं लाकूड घ्या. भिंतीला लागलेली वाळवी पॅनेलमागे महिनोन्‌महिने दिसत नाही. आमचा कल ॲल्युमिनियमच्या सेक्शनकडे आहे. भिंत आणि पॅनेल यांच्यात ५० मिलिमीटर पोकळी सोडा. या पोकळीला पैसे पडत नाहीत आणि खालच्या सुरांचं शोषण तिच्यामुळेच वाढतं. रॉकवूल कापताना पूर्ण बाह्या, मास्क आणि चष्मा हवाच, त्याचे तंतू कातडीत घुसतात. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र मुळीच नको. ट्रे फक्त वरचे सूर थोडे खातात, थर्माकोल जवळपास काहीच खात नाही, आणि दोन्ही भराभर पेटतात.

एवढं करूनही २५० हर्ट्झच्या खाली या पॅनेलचा जोर ओसरतो. वरच्या मापाच्या खोलीत लांबीमुळे २४, रुंदीमुळे ३२ आणि उंचीमुळे ५२ हर्ट्झला खोली स्वतःच गुणगुणते. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे ३० सेंटिमीटर जाड त्रिकोणी खांब उभे केले तर ५२ हर्ट्झवर थोडा लगाम बसतो. २४ ला काहीही लागू पडत नाही. त्यावर उपाय बसण्याच्या जागेचा आहे. खोलीच्या बरोबर मध्यावर पहिल्या दोन्ही अनुनादांचा, २४ आणि ३२ हर्ट्झचा, दाब शून्य असतो आणि त्यांच्या दुपटींचा, ४८ आणि ६४ चा, सगळ्यात जास्त. म्हणजे मधोमध बसलेल्याला एक खर्ज ऐकूच येत नाही आणि दुसरा डोक्यात घुमतो. ऐकण्याची जागा लांबीच्या दिशेने मध्यापासून ३० ते ४० सेंटिमीटर सरकवा. कारण न कळता ‘स्पीकर खराब’ म्हणून परत पाठवण्याआधी खुर्ची हलवून पाहा.

विजेकडे येऊ. नागपूरच्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो, स्टुडिओवाल्यालाही ठाऊक हवा. ती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली तांब्याची प्लेट मग मातीपासून सुटते, आणि डिसेंबरात ३ ओहम दाखवणारं अर्थिंग मे महिन्यात कितीतरी वर जातं. स्पीकरमधली ‘हूं’ उन्हाळ्यातच का सुरू होते याचं पुष्कळदा हेच उत्तर असतं. प्लेट ६० सेंटिमीटर चौरस, ३ मिलिमीटरहून थोडी जाड. तिची वरची कड जमिनीखाली दीड मीटर. भोवती कोळसा आणि मिठाचे थर. आणि पाणी घालायला नळी. मार्चपासून जूनपर्यंत आठवड्यातून दोनदा त्या नळीत दोन बादल्या पाणी. हे काम कोणाचं ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर होत नाही. मोजमाप वर्षातून एकदा करायचं तर ते मे महिन्यातच करावं. रोध ५ ओहमच्या आत हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज २ च्या आत हवं.

स्टुडिओसाठी ‘वेगळं, स्वच्छ अर्थिंग’ करून ते इमारतीच्या अर्थिंगपासून तोडून ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो धोक्याचा आहे. विदर्भातल्या वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो आणि तो तुमच्या यंत्रांतूनच वाट काढतो. वेगळा खड्डा करा, पण मुख्य अर्थिंगला जाड पट्टीने जोडा, आणि बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवा. फेज मात्र वेगळी घ्या, एसी आणि लिफ्ट यांच्यापेक्षा निराळी.

गुणगुण आली तर आधी कान द्या. गोल, खालची ‘हूं’ ५० हर्ट्झची असते. ती अर्थचा फास पडल्याची (यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याची) किंवा एखादी केबल ट्रान्सफॉर्मरजवळून गेल्याची खूण. टोकदार ‘झर्र’ असेल तर ती १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, आणि तिचा उगम बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर असतो. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापतो. टकटक करत पायऱ्यांनी फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर ती कापत नाही. आजूबाजूच्या चार खोल्यांचे रेग्युलेटर बदलून द्यायला जो खर्च येतो तो एका चांगल्या केबलपेक्षा फार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर चार्जर दोषी. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारी छोटी पेटी. प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे लोक आहेत. त्यांना स्टुडिओत हात लावू देऊ नका, त्यात जीव जातो.

घरगुती इन्व्हर्टरची चौकोनी लाट स्पीकरमध्ये ऐकू येते, म्हणून साइन वेव्ह देणारा ऑनलाइन यूपीएस, ३ केव्हीएचा. तो खोलीबाहेर ठेवा, कारण त्याचा पंखा अखंड चालतो. पण बाहेर म्हणजे उन्हाच्या व्हरांड्यात नव्हे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

स्पीकर आठ, सगळे एकाच मॉडेलचे, पाच ते सात इंची वूफरचे, गोलात ४५ अंशांवर. पाच आता आणि तीन पुढच्या वर्षी असं केलं आणि मॉडेल बंद झालं तर गोल कायमचा लंगडा राहतो. पैसे नसतील तर चारांच्या पुऱ्या गोलापासून सुरुवात करा आणि उरलेले चार एकदमच आणा. कोनमापक लागत नाही. ऐकण्याच्या जागी जमिनीवर एक खूण करा, २.२ मीटरची सुतळी घेऊन वर्तुळ काढा, शेजारच्या दोन स्पीकरांमध्ये १.६८ मीटर आणि समोरासमोरच्या दोहोंमध्ये ४.४ मीटर अंतर भरलं की कोन बरोबर. वूफर आणि ट्वीटर यांच्यामधला बिंदू बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, १.२ मीटर. जागेवर रंगाने खुणा करा, चिकटपट्टी झाडूने निघून जाते. एखादा स्पीकर ३० सेंटिमीटर जवळ ठेवावाच लागला तर त्याला ०.८७ मिलिसेकंद विलंब द्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल, घेताना) ४२ सॅम्पल. मग प्रत्येकावर एकामागून एक पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखा भरलेला खरखराट) वाजवून मध्यभागी ध्वनिमापकाच्या सी-वेटिंगवर (खालचे सूरही धरणाऱ्या मापावर) ७५ डेसिबल लावा. आठांमध्ये अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक राहू नये.

सगळ्यात जास्त घोळ क्रमांकांचा होतो. काही रचनाकार समोरून घड्याळाच्या दिशेने १ ते ८ मोजतात, काही डावा-उजवा अशा जोड्यांनी पुढून मागे येतात. चुकीच्या क्रमाने वाजवलेली रचना बंद पडत नाही, नुसती वेडीवाकडी उड्या मारते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की प्रायोगिक संगीत असंच असतं. स्पीकरवर ठळक आकडे लिहा आणि प्रत्येक सादरीकरणाआधी एक आवाज ‘एक, दोन, तीन’ म्हणत गोल फिरवा. या आठांवर आडव्या पातळीत तिसऱ्या श्रेणीचं अँबिसॉनिक्स (आवाज कुठल्या दिशेने येतो ते साठवण्याची पद्धत) बसतं, त्याला सात चॅनेल लागतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आयईएम संस्थेचे मोफत प्लगइन त्यासाठी उत्तम आहेत.

आठ चॅनेल बाहेर काढायला आठ आउटपुटचा इंटरफेस घ्या, किंवा ॲडॅट ऑप्टिकलने, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या तारेने, दुसरा कन्व्हर्टर जोडा. ॲडॅटच्या एका तारेवर ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. ९६ निवडल्यावर मागचे चार स्पीकर गप्प झाले तर यंत्र बिघडलेलं नसतं. दोन यंत्रं जोडली की सॅम्पलचा ठेका धरणारं घड्याळ एकाचंच चालतं, दुसऱ्याला त्याच्याकडून घ्यायला सांगावं लागतं. ते विसरलं की काही सेकंदांनी एकदा ‘टक’ येतो आणि आठवडाभर सगळे केबल बदलत बसतात. पंख्यावाला संगणक शेजारच्या खोलीत ठेवायचा असेल तर यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची, हे भिंतीला भोक पाडण्याआधी मोजा.

सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचंच असावं असं आमचं ठाम मत आहे. मिलर पकेट यांनी १९९६ च्या सुमारास आणलेलं प्युअर डेटा, जेम्स मॅकार्टनी यांचं सुपरकोलायडर, आणि बॅरी व्हर्को यांनी १९८५-८६ च्या सुमारास एमआयटीत लिहिलेलं सीसाउंड ही तिन्ही विद्यार्थ्याच्या घरच्या लॅपटॉपवर फुकट चालतात, मग तो भंडाऱ्याला राहो की गडचिरोलीला. लिनक्सवर वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात आहे आणि त्याला रिअल-टाइम प्राधान्य मिळतंय, एवढं तपासा. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो साठा) म्हणजे १.३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १०२४ म्हणजे २१. तबलजीबरोबर प्रत्यक्ष वाजवायचं तर २५६ च्या वर जाऊ नये. नुसती रचना करताना १०२४ ठेवून निवांत राहावं. चरचर आली तर आधी वायफाय बंद करा. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते: तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि जानेवारीत सुरळीत चाललेला पॅच (या सॉफ्टवेअरमध्ये आपण जोडलेला प्रोग्राम) एप्रिलमध्ये अडखळतो. म्हणून प्रोसेसरचा भार निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये.

पहिल्या सत्रात शिकवण्याजोगी एक गोष्ट म्हणजे संगणकातला तानपुरा. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांची १९८३ ची तंतुवाद्याची पद्धत इतकी साधी आहे की फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येते. एका आवर्तनाएवढा खरखराट घ्यायचा, तो विलंबाच्या ओळीत फिरवत ठेवायचा, आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन सॅम्पलची सरासरी काढायची. काळी एकचा मध्य षड्ज १३८.५९ हर्ट्झ. ४८००० भागिले १३८.५९ म्हणजे ३४६.३ सॅम्पल. सरासरी काढण्यातच अर्धा सॅम्पल उशीर होतो, तो वजा करायचा: ३४५.८. मंद्र पंचमाला १०३.९ हर्ट्झ, खर्जाला ६९.३. अपूर्णांक टाकून दिला तर जोडीच्या तारांत, म्हणजे मध्य षड्जाच्या दोन तारांत, चारएक सेंटच चुकतात, पण तार षड्जाला तीच चूक ७ सेंटांच्या जवळ जाते आणि कान लगेच तक्रार करतो. म्हणून मधल्या जागा भरून काढणारा विलंब वापरायचा. प्युअर डेटात तो मिळतो. एक अडचण मात्र सगळ्यांना गाठते. प्युअर डेटा ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्यात काम करतो, म्हणून फिरणाऱ्या ओळीत त्याहून कमी विलंब देता येत नाही, आणि ७५० हर्ट्झच्या वर सूर चढतच नाही. उपाय म्हणजे ती तार वेगळ्या सबपॅचमध्ये घालून तिथला गठ्ठा एका सॅम्पलचा करणे. प्रोसेसरवर भार पडतो, पण सूर लागतो.

तार किती वेळ घुमेल ते फेरीच्या गुणकावर, म्हणजे दर फेरीला आवाज ज्या आकड्याने गुणला जातो त्यावर, ठरतं. आठ सेकंदांचा नाद हवा तर जोडीला ०.९९३८ आणि खर्जाला ०.९८७६. दोघांना एकच गुणक दिला की खर्ज दुप्पट वेळ रेंगाळतो आणि सगळं गढूळ होतं. गुणक चुकून १ च्या वर गेला तर आवाज क्षणात फुटतो, म्हणून बाहेर पडण्याआधी मर्यादा घालणारा ऑब्जेक्ट लावल्याशिवाय कोणालाही हेडफोन देऊ नये.

एवढं झाल्यावर जे ऐकू येतं त्याला गिटार म्हणता येईल, तानपुरा नाही. जवारी नाही. तानपुऱ्याची घोडी सपाट आणि किंचित कमानदार असते, तार तिच्यावर टेकत-सुटत राहते आणि तिची लांबी क्षणाक्षणाला बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की अशा घोडीमुळे, तार जिथे छेडली तिथे नियमाप्रमाणे जे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) उमटायला नकोत तेही उमटतात. पॅचमध्ये याची नक्कल अशी करता येते: फिरणाऱ्या लाटेची किंमत धन असेल तेव्हा विलंब एखाद-दुसऱ्या सॅम्पलने कमी करायचा, ऋण असेल तेव्हा पूर्ववत. किती कमी करायचा हे सरकपट्टीवर घ्या आणि हळूहळू वाढवा. जवारीवर तारेखाली दोरा सरकवत जीव शोधणाऱ्या माणसाला जे सापडतं, तसंच इथेही एका छोट्याशा जागी एकदम खुलतं, आणि पुढे गेलं की सूर चढून किरकिर लागते.

रामन वित्त खात्याच्या नोकरीत १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरातच होते, म्हणून त्यांचा दुसरा एक प्रयोग इथल्या विद्यार्थ्याने करून पाहावाच. साध्या गोल पडद्याचे स्वरांश १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा बेसूर प्रमाणात असतात. तबल्याच्या शाईमुळे स्वरांश जवळपास १, २, ३, ४, ५ असे होतात; हे त्यांनी १९२० मध्ये मांडलं. सुपरकोलायडरमध्ये पाच सायनलहरी घ्या, आधी पहिली प्रमाणं द्या, सगळ्यांना अर्ध्या सेकंदाचा उतार द्या. पत्र्याचा डबा वाजतो. मग प्रमाणं पूर्णांकात बदला. खोलीतले सगळे एकदम मान वर करतात. नंतर खऱ्या दायांचा (उजव्या तबल्याचा) एक ठोका टिपून १६३८४ सॅम्पलचं वारंवारता-विश्लेषण करा, म्हणजे जवळपास ३ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो, आणि पूर्णांकापासून तबला नेमका किती ढळलाय ते कळतं.

स्टुडिओबाहेरचं रेकॉर्डिंग हा या विषयाचा अर्धा प्राण आहे, आणि नागपुरात त्यासाठी मारबतीसारखी (वाईटाचं प्रतीक म्हणून मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीसारखी) गोष्ट जगात दुसरीकडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडग्यांचे पुतळे, ढोल-ताशे आणि ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. पातळी उणे २० डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिटला एवढी उसंत परवडते. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असला तरी ताशाच्या दोन हातांवर माइकचं कॅप्सूलच दबलं तर तो काही वाचवू शकत नाही. तिथे जास्त दाब सोसणारा माइक हवा किंवा दहा पावलं मागे सरकायला हवं. दिवस पावसाळी असतात. परतल्यावर माइक सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, निळे मणी गुलाबी झाले की तव्यावर भाजून पुन्हा निळे करा. फार जोरात भाजू नका.

लोखंडी कठडा, पूल, रिकामी टाकी यांचा आतला आवाज टिपायला पिएझोची (थरथरीची वीज करणारी) २७ मिलिमीटरची चकती पुरते, सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारावी. ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली की आवाज पत्र्यासारखा येतो आणि लोक चकतीला दोष देतात. चकतीची धारकता २० नॅनोफॅरडच्या आसपास असते. १० किलोओहमच्या इनपुटवर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून पडतं. तेच इनपुट १ मेगाओहमचं केलं तर ८ हर्ट्झपर्यंत खाली उतरता येतं. टीएल०७२ चिप आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन एक छोटं बफर सर्किट जोडायचं, एवढंच. तारेला डाग देताना पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, चांदीचा थर सुटतो आणि चकती मुकी होते.

शेवटचं काम साठवणुकीचं, आणि ते सुरुवातीपासून करायचं असतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी रचनाकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी तिथे काम केलं. काही वर्षांत तो थांबला, पण टेप संस्थेच्या संग्रहात राहिल्या म्हणून ते काम आज ऐकता येतं. आपल्या फाइलींना तेवढं आयुष्य हवं असेल तर एक खाचखळगा आधीच ओळखून ठेवा. आठ चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या हिशेबाने तासाला ४.१५ जीबी भरतात, आणि साध्या डब्ल्यूएव्ही फाइलची मर्यादा ४.२९ जीबी असते. म्हणजे ६२ व्या मिनिटाला मैफल रंगात असताना काही सॉफ्टवेअर गुपचूप फाइल खराब करतात. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी प्रकार आरएफ६४ निवडा. प्रत्येक फाइलीसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: तारीख, जागा, तापमान, चॅनेलचा क्रम, पॅचची आवृत्ती, वाजवणाऱ्यांची संमती. पॅच जसाच्या तसा ठेवाच, शिवाय त्यातून निघालेला प्रत्येक आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर साध्या ध्वनिफाइलींत उतरवून ठेवा. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, आणि दर मे महिन्यात, अर्थिंग मोजायचं त्याच दिवशी, जुनी कुठलीही एक फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकायची.